जर्मन खुनांवर चाललेलं आमचं घर

जर्मनीत माणसं एकमेकांचे खून करत राहिली म्हणून आम्ही सिंगापुरात राहू शकलो. हे वाक्य मी कुणापुढे टाकलं की समोरचा आधी हसतो, मग जरा सरकून बसतो. पण आमच्या घराचा इतिहास प्रामाणिकपणे लिहायचा तर सुरुवात इथूनच करावी लागेल. बाकीच्यांची घरं बापाच्या घामावर, आईच्या काटकसरीवर वगैरे उभी राहतात. आमचं वुडलँड्समधलं अकराव्या मजल्यावरचं भाड्याचं घर काही काळ एका जर्मन पोलिसी मालिकेतल्या प्रेतांवर उभं होतं. ती मालिका माझ्या जन्माच्या आधीपासून चालू होती आणि आज मी चाळिशीचा चष्मा लावून हे लिहिते आहे, तरी म्हणे चालूच आहे. इतकी वर्षं दर आठवड्याला एक माणूस मरतोय, तर त्या शहरात अजून माणसं शिल्लक कशी, हा प्रश्न बाबांना नेहमी पडायचा. जर्मन लोकांना तो कधी पडला नसावा.

आईला जर्मन यायची, हेही आधी सांगायला हवं, कारण आमच्या निम्म्या नातेवाइकांना ते माहीत नव्हतं. आईचे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात जर्मन मशीनवर कामाला होते. मशीन बिघडलं की त्याचं पुस्तक उघडायचं, आणि पुस्तक जर्मनमध्ये. मग साहेब येऊन ते पुस्तक हातात धरून उभे राहायचे. त्यांनाही काही कळायचं नाही, पण ते साहेब असल्यामुळे त्यांचं न कळणं वरच्या दर्जाचं समजलं जायचं. आजोबांच्या डोक्यात ते घट्ट बसलं. आपल्या पोरीला हे पुस्तक वाचता आलं पाहिजे, असं त्यांनी ठरवलं आणि आईला जर्मनच्या वर्गाला घातलं. पुण्यात तेव्हा बी.ए. आणि लग्न यांच्यामधली पोकळी भरायला मुलींसाठी दोनच वर्ग असायचे, एक शिवणाचा आणि एक जर्मनचा. बाकीच्या मुली जवळच्या पेठांतून चालत यायच्या. आई दोन बस बदलून यायची आणि परीक्षेत पहिली यायची. बाईंनी एकदा मोठ्या आश्चर्याने विचारलं, "तुला घरी कुणी शिकवतं का गं?" आईने सांगितलं, "हो, मशीन." मग लग्न झालं, मी झाले, आणि ती सगळी प्रमाणपत्रं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर गेली. सिंगापूरला येताना आईने ती पिशवी लोणच्याच्या बरणीभोवती गुंडाळून आणली, बरणी फुटू नये म्हणून.

बाबा आंग मो किओच्या इंडस्ट्रियल पार्कमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात क्वालिटीचे इंजिनिअर होते. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा त्यांना पगार मिळायचा. घरी तेच काम ते फुकट करायचे. सिंगापुरात राहण्याचा पास त्यांच्या नावावर होता आणि आई आणि मी त्यांच्या पासाला लोंबकळत होतो. आमच्या हिरव्या कार्डांवर तसं स्वच्छ छापलेलंच होतं, डिपेंडंट. मी दहा वर्षांची असताना आलो, तेव्हा मला तो शब्द फार भारदस्त वाटला होता. हा काहीतरी हुद्दा असणार, अशी माझी समजूत.

एका संध्याकाळी बाबा जेवताना हसत सांगायला लागले की त्यांच्या फूडकोर्टात एक चिनी बाई टेबलाटेबलाला जाऊन "जर्मन कॅन ऑर नॉट?" असं विचारत फिरत होती. "जर्मन येणारं माणूस शोधतेय. आंग मो किओमध्ये. नूडल्सच्या रांगेत." बाबांना ते फारच विनोदी वाटलं होतं. आईचा भाकरी थापणारा हात थांबला. तिने विचारलं, "कुठे बसते ती?" बाबांनी अजून एक घास खाल्ला, मग त्यांना आपण कुणाला काय सांगतोय ते उमगलं. दुसऱ्या दिवशी आई लोणच्याच्या बरणीची पिशवी सोडवून, प्रमाणपत्रांना आलेला मोहरीच्या तेलाचा वास तसाच घेऊन, त्या बाईच्या ऑफिसात गेली. मिसेस लिम तिचं नाव. बॉलबेअरिंगच्या दुकानावर तिची दोन खोल्यांची कंपनी होती, परदेशी मालिकांना इंग्रजी सबटायटल्स लावून आशियातल्या वाहिन्यांना देणारी. जगातल्या सगळ्या प्रश्नांसाठी तिच्याकडे दोनच उत्तरं होती, 'कॅन' आणि 'कॅनॉट'. आईने दहा ओळी लिहून दाखवल्या. मिसेस लिम म्हणाली, "कॅन." सरकारचं परवानगीचं पत्र आलं आणि आई कामाला लागली. पत्रात अर्थातच लिहिलेलं होतं, नवऱ्याचा पास आहे तोवर.

काम घरीच चालायचं, जेवणाच्या टेबलावर, दुपारचं. मी शाळेतून यायची तोवर आईने संगणकावर भागाची सीडी लावलेली असायची. शेजारच्या मलाय मावशींच्या घरून सांबाल नावाच्या तिखट चटणीचा वास यायचा, खाली जुनं सामान घेणारा माणूस रबरी भोंगा वाजवत फिरायचा, आणि आमच्या घरात कुणीतरी जर्मन बाई किंकाळी फोडायची. मावशींनी एकदा काळजीने दार वाजवलं होतं, तेव्हापासून किंकाळीच्या जागी आवाज कमी करायचं काम माझ्याकडे आलं. सबटायटलचा नियम साधा होता. माणूस तीन सेकंद बोलला तर त्याची ओळ तीन सेकंदांत वाचून झाली पाहिजे, आणि ओळी दोनच. आता जर्मन माणूस जेवढ्या वेळात एक वाक्य संपवतो तेवढ्यात आपल्याकडे लग्न ठरतं. आई एकेक ओळ मोठ्याने म्हणायची, मी टेबलावर बोटांनी सेकंद मोजायची, ओळ बसली नाही की ती शब्द काढायची, जसे तांदळातले खडे काढतात तसे. स्वयंपाकही त्याच वेळापत्रकावर चालायचा. प्रेत सापडलं की कुकर लावायचा. पहिला संशयित सुटला की गॅस बंद. खुनी पकडला जाईपर्यंत वांगं भाजून झालेलं असायचं. आजही कुठे कुकरची शिट्टी ऐकली की मला वाटतं, कुणीतरी गेलं.

मालिकेचा नायक हाल्टर नावाचा म्हातारा कमिशनर होता. त्याचं पोट कायम बिघडलेलं, त्यामुळे कॉफीच्या देशात हा माणूस फुलांचा काढा पीत फिरायचा. त्याच्याबरोबर लेन्त्स नावाचा एक तरुण अधिकारी, ज्याचं काम दर भागात चुकीच्या माणसाला पकडायचं. हाल्टर कुणाच्याही घरी गेला की आधी पायपुसण्यावर बूट पुसायचा, अगदी खुन्याच्या घरीही. मग ज्या बाईचा नवरा काल मेला ती बाई त्याला केक द्यायची. दर भागात केक. प्लमचा, सफरचंदाचा, खसखशीचा. बाबा कामावरून येऊन पाच मिनिटं बघायचे आणि म्हणायचे, "हा तपास चाललाय की मुलगी बघायचा कार्यक्रम?" गोळी झाडणं, पळापळ वगैरे हलके प्रकार त्या मालिकेत नव्हतेच. हाल्टर बसायचा, केक बाजूला सारायचा, आणि घरातली एखादी फालतू गोष्ट पकडायचा. बशी एक जास्त का आहे. छत्री कोरडी कशी. आईला तो फार आवडायचा. "बायकांचं काय चाललंय ते बघून खुनी पकडतो," ती म्हणायची. बाबांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या, कारण त्यांचा खुन्याचा अंदाज एकदाही बरोबर आला नव्हता.

आता आमच्या घरातल्या एका जुन्या भांडणाबद्दल सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. घराबाहेर पडताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. बाबांना मात्र ते मान्य नव्हतं. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती होती, रविवारी वंदना व्हायची, आणि सोमवार ते शनिवार बाबांचा अंधश्रद्धेविरुद्धचा लढा चालायचा. आमच्या घरात मांजर आडवं जाऊ शकत होतं, शिंकायला पूर्ण मुभा होती, नखं कुठल्याही वारी कापता यायची. बाबांचं म्हणणं, जो माणूस जातोय त्याने जातो म्हणावं. शब्दांनी बस थांबत नाही आणि अपघात टळत नाही. म्हणून रोज सकाळी लोखंडी जाळीचं दार ओढताना ते मुद्दाम खणखणीत आवाजात सांगायचे, "मी जातो." आणि आई रोज मागून हळूच म्हणायची, "या." सतरा वर्षं. ते इतके विवेकवादी होते की त्यांना ते 'या' कधी ऐकूच आलं नाही.

तत्त्वाला विरोध करायला आईला वेळ नव्हता, पण तिने दुसरीकडे वाट काढली. पहिले काही भाग देऊन झाल्यावर मिसेस लिमचा फोन आला. "सुनंदा, व्हाय एव्हरीबडी ऑल्वेज कमिंग बॅक? डेड वन ऑल्सो?" आईने भाग पुन्हा काढून बघितले आणि तोंडावर हात ठेवला. तिच्या सबटायटल्समध्ये आख्ख्या जर्मनीत कुणी 'जात'च नव्हतं. ऑफिसला निघालेला नवरा 'परत येतो' म्हणत होता. बँक लुटून पळणारा दरोडेखोर कॅशियरला 'येतो हं परत' सांगत होता. एका खुनी माणसाला बेड्या घालून नेत होते, तो वळून आपल्या आईला म्हणत होता की मी जातो, आणि आमच्या आईने त्याला जन्मठेपेवरून परत बोलावलं होतं. तिच्या लक्षातही आलं नव्हतं. हात आपोआप तसा लिहीत गेला. मी टेबलावर डोकं ठेवून हसले. आई स्वतःही हसली, सगळ्या ओळी दुरुस्त केल्या, आणि यापुढे लक्ष ठेवीन म्हणाली. बाबांना सांगू नकोस, एवढं मात्र तिने बजावलं.

मी सेकंडरी फोरमध्ये होते त्या वर्षी, म्हणजे वर्षाच्या शेवटी ओ-लेव्हलची, तिथल्या दहावीसारखी, परीक्षा, बाबांच्या कारखान्याने आपला विभागच उचलून दुसऱ्या देशात न्यायचं ठरवलं. माणसं न्यायची ठरवली नाहीत. ज्या दिवशी सांगितलं त्या दिवशी बाबांना एक कप आणि घड्याळ मिळालं, चांगलं काम केल्याबद्दल. घड्याळ मिनिटभर मागे पडायचं आणि ते क्वालिटीच्या माणसाला दिलेलं. आता क्रम असा होता: नोकरी गेली की बाबांचा पास जाणार, तो गेला की आम्हा दोघींचे जाणार, आईचं परवानगीचं पत्रही जाणार, आणि महिन्याभरात तिघांनी देश सोडायचा. परीक्षा चार महिन्यांवर. पुण्यात जाऊन मी कुठल्या वर्गात बसले असते, दहावीत की अकरावीत, मराठीत की इंग्रजीत, हे कुणालाच सांगता येईना. माझ्या मैत्रिणी म्हणाल्या, "आय्या, मित्रा, हाऊ कॅन लाह?" माझं नाव संघमित्रा, पण एवढं मोठं नाव घ्यायला सिंगापुरात कुणाला वेळ नसतो. मी घरी कुणापुढे रडले नाही. शाळेच्या बाथरूममध्ये जाऊन रडायची.

आई मिसेस लिमकडे गेली, काम सोडावं लागेल हे सांगायला. मिसेस लिमने ते ऐकून घेतलं नाही. त्या जर्मन मालिकेचे शेकड्यांनी भाग अजून पडून होते आणि वाहिनीने बारा भागांचा एक मोठा गठ्ठा मागितला होता. तो वेळेत आणि बिनचूक गेला तर पुढची सगळी वर्षं तिच्या कंपनीला मिळणार होती. "ट्वेल्व्ह एपिसोड्स, नो मिस्टेक, आय टेक यू फुल-टाइम. आय अप्लाय पास, युवर नेम." आईने विचारलं, आणि माझा नवरा, मुलगी? मिसेस लिमने खांदे उडवले. "हजबंड, डॉटर, डिपेंडंट लाह. कॅन."

आईने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बाबा घड्याळाचा सेल काढून बघत होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे मी तुझ्या पासावर?" आई म्हणाली, "आम्ही सहा वर्षं तुमच्या पासावर आहोत." बाबा म्हणाले, "ते वेगळं." काय वेगळं ते त्यांनी सांगितलं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर समतेवर व्याख्यानं दिली, मला मुलासारखं नव्हे तर मुलगी म्हणूनच वाढवायचं असं ठासून सांगितलं, त्या माणसाला बायकोच्या कार्डाखाली आपलं कार्ड लागणार म्हटल्यावर गिळेना. दोन दिवसांनी ते पुण्याचं तिकीट काढून आले. एकट्याचं. "तू काम कर, मित्राची परीक्षा होऊ दे. मी तिकडे नोकरी बघतो. मी जातो." पुढच्या पुढच्या रविवारचं तिकीट होतं. परत कधी, हे आईने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. बाबांच्या वयाच्या माणसाला तिकडे नोकरी लागली की तो तिथलाच होणार, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. आमच्या ओळखीच्यांत असे दोन संसार दोन देशांत वाटले गेले होते आणि पुन्हा जुळले नव्हते.

त्या दोन आठवड्यांत घरात बारा खून झाले. आई सकाळपासून बसायची. बाबांना घरी बसून करायला काही नव्हतं, म्हणून त्यांनी स्वयंपाक हाती घेतला आणि डाळीला तांत्रिक स्वरूप दिलं. पाणी मोजून, शिट्ट्या मोजून, मीठ चमच्याची कड सपाट करून. चव यायची नाही, पण रोज तंतोतंत तितकीच यायची नाही. मग आईने त्यांना अजून एक काम दिलं. मिसेस लिमकडे पद्धत होती की भाग द्यायच्या आधी तो एका अशा माणसाने बघायचा ज्याला ती भाषा अजिबात येत नाही. आवाज बंद करून, फक्त ओळी वाचत. त्याला गोष्ट समजली तर काम झालं. "तुम्हाला जर्मन येत नाही आणि चुका काढता येतात," आई म्हणाली, "तुमच्यासारखं माणूस मिळायचं नाही." हे कौतुक होतं की टोमणा, हे बाबांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. पण त्यांनी वही काढली, रकाने आखले, आणि आवाज बंद केलेल्या खुनांपुढे ते पेन घेऊन बसले. अकरा भागांत त्यांनी स्वल्पविरामासकट सव्वीस चुका काढल्या आणि खुनी अकराही वेळा चुकवला. तीन वेळा तर त्यांनी हाल्टरवरच संशय घेतला.

बारावा भाग शुक्रवारी दुपारपर्यंत ऑफिसात पोचायचा होता. रविवारी बाबांचं विमान. बाबांची बॅग दारापाशी भरून ठेवली होती, दोन दिवस आधीच, कारण ते क्वालिटीचे होते. सकाळी बाबांनी पोहे केले, माझी शाळेला सुट्टी होती, आणि आम्ही तिघं टेबलाशी बसलो. भाग एका बेकरीवाल्याचा होता. तो एका सकाळी दुकानाला म्हणून निघतो आणि नदीत सापडतो. बायको रडत सांगते, तो नेहमीसारखाच गेला हो. हाल्टर केक बाजूला सारतो आणि त्यांच्या सात वर्षांच्या मुलीला विचारतो, बाबा दारात काय म्हणाला? पोरगी सांगते. ते ऐकून हाल्टर ताडकन उठतो, काढा सांडतो, आणि बायकोला म्हणतो, तुम्हाला माहीत होतं. बाबांनी तिथे थांबवलं. मागे नेलं. पुन्हा बघितलं.

"सुनंदा," ते म्हणाले, "हा का उठला?"

आई पोह्यांतल्या शेंगदाण्यांशी खेळत होती. "कळत नाही का?"

"नाही ना. सुरुवातीला दाखवलंय, रोज निघताना हा बाई आणि पोरीला म्हणतो, 'परत येतोच.' आता पोरगी सांगते, त्या दिवशी बाबा म्हणाला, 'परत येतोच.' मग त्यात उठण्यासारखं काय आहे? रोजच्यासारखंच तर म्हणाला." बाबांनी वहीत रेघ ओढली. "काहीतरी चुकलंय. त्या दिवशी तो वेगळं काहीतरी म्हणाला असणार."

मला लिहिताना आजही तो क्षण तसाच आठवतो, कारण हाल्टरने सोडवलेली एकही केस मला बाबांनी सोडवलेल्या या एका केसइतकी भारी वाटत नाही. ज्या माणसाला एकही खुनी सापडला नव्हता त्याने एक शब्द जर्मन न येता नेमकी जागा पकडली. मी आईकडे बघितलं. तिचा चेहरा, काढा सांडल्यावर त्या बेकरीवालीचा झाला होता तसाच झाला होता.

"तो म्हणाला, मी जातो," आई म्हणाली. "रोज परत येतो म्हणायचा. त्या दिवशी फक्त, मी जातो. म्हणजे घर सोडून चालला होता, आणि बायकोला ते कळलं होतं. सगळी गोष्ट त्याच्यावर आहे."

"मग तसं लिहायचं ना. एवढा मोठा घोळ कसा झाला?"

"झाला नाही. मी केला."

बाबांनी पेन वहीवर ठेवलं. "सुनंदा, बारा भाग, एक चूक नको असं ती बाई म्हणाली आहे. मित्राची परीक्षा आहे. आणि तू अंधश्रद्धेपायी..."

"मला माहीत आहे काय आहे ते," आई म्हणाली. आवाज चढवला नाही. "पहिल्यांदा चुकून लिहायची. आता चुकून नाही. चार वेळा लिहिलं आणि चार वेळा खोडलं. ती पोरगी दारात उभी आहे, तिचा बाप बॅग घेऊन उभा आहे, आणि मी त्याच्या तोंडात 'जातो' घालू? माझा हात होत नाही. तुम्ही रोज म्हणता. सतरा वर्षं म्हणता. मी मागून रोज 'या' म्हणते ते तुम्हाला ऐकू येत नाही, आलं नाही तरी चालेल, संध्याकाळी तुम्ही यायचात. रविवारी तुम्ही जातो म्हणाल आणि खरंच जाल. मग मी 'या' कुणाला म्हणू? मला भीती वाटते हो. पास कुणाचा आहे, कुणाच्या खाली कुणाचं नाव आहे, ते तुम्ही बघत बसा. मला तुम्ही इथे हवे आहात. दुसरं काही नाही."

आमच्या घरात असं कुणी बोलायचं नाही. आमच्याकडे भावना पोह्यांतून, इस्त्रीतून, रागावण्यातून व्यक्त व्हायच्या. खाली भोंगेवाला आला, भोंगा वाजवून गेला. बाबांनी चष्मा काढला, पुसला, लावला. मग खुर्ची संगणकाकडे ओढली आणि दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, पोरगी सांगते त्या ओळीत बेकरीवाल्याच्या तोंडी 'मी जातो' असं इंग्रजीत लिहिलं. मी सवयीने टेबलावर सेकंद मोजले. ओळ बसली.

"आता उठला हाल्टर तर बरोबर आहे," बाबा म्हणाले. त्यांनी फाइल फ्लॉपीवर घेतली, दोनदा तपासली, शर्ट बदलला. "तू नको जाऊस. तू झोप जरा. मी देऊन येतो."

मी आईकडे बघितलं, आईने माझ्याकडे. आपण काय बोललो ते त्यांना स्वतःला कळलं नव्हतं बहुतेक. दार ओढून ते गेले आणि आई, सवयीने, "या" म्हणाली.

ते चार वाजता आले. हातात करीपफची, म्हणजे तिखट सारणाच्या करंज्यांची, तेलकट पिशवी आणि एक पाकीट. पाकिटात मिसेस लिमने दिलेले फॉर्म होते, आईच्या नावाचा एक आणि तिच्यावर अवलंबून असलेल्यांचे दोन. त्यांतल्या आपल्या फॉर्मवर बाबांनी तिथेच सही करून आणली होती. फॉर्ममध्ये एक स्पेलिंगची चूक आहे, असं त्यांनी मिसेस लिमला दाखवूनही दिलं म्हणे, आणि तिने सांगितलं, "सर, गव्हर्न्मेंट फॉर्म. कॅनॉट." दारापाशी ठेवलेली बॅग त्यांनी उचलून आत नेली आणि कपडे कपाटात लावायला लागले. आई मदतीला गेली तर म्हणाले, "राहू दे, घडी माझ्या पद्धतीची आहे." मी करीपफ खाल्ले, तिघांच्या वाटणीचे, आणि रडले. या वेळी बाथरूममध्ये गेले नाही.

पुढे काय झालं ते सरळ आहे. बारा भाग मंजूर झाले. आईला पास मिळाला, मी परीक्षा दिली, गणितात बरी आणि मराठी बापाच्या मुलीला शोभेल इतक्या कष्टाने चिनी इतिहासात पास झाले. बाबांना नोकरी लागायला दीड वर्ष गेलं आणि त्या दीड वर्षात ते उत्तम स्वयंपाकी झाले नाहीत. पाहुण्यांसमोर ते आपलं कार्ड दाखवून म्हणायचे, "मी डिपेंडंट आहे," आणि स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसायचे. हसायला लागायच्या आधी घोट गिळायचे, ते फक्त आम्हा दोघींना दिसायचं. आता ते पुण्यात असतात, ती जर्मन मालिका इंटरनेटवर शोधून आवाज बंद करून बघतात. खुनी अजून चुकतो.

पण मला हे प्रकरण त्या सोमवारी संपवायचं आहे, आईचा नवा पास आल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी. मिसेस लिमने तिला ऑफिसात टेबल दिलं होतं. आईने नवी साडी नको म्हणून नवी कुर्ती घातली, पर्समध्ये कार्ड आहे का ते चार वेळा बघितलं. बाबा स्वयंपाकघरात डाळीची तिसरी शिट्टी मोजत होते. शाळेला सुट्टी होती, मी गणिताचं पुस्तक उघडून बसले होते. लोखंडी जाळी ओढताना, घाबरलेली असल्यामुळे असेल किंवा डोकं ऑफिसात पोचलं असल्यामुळे असेल, आईच्या तोंडून गेलं, "बरं, मी जाते."

स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. बाबा हातात डाव घेऊन, बनियनवर, अनवाणी, माझ्या समोरून पळत गेले. लिफ्टपाशी त्यांनी आईला गाठलं. अकराव्या मजल्यावरच्या त्या उघड्या कॉरिडॉरमध्ये, मलाय मावशी झाडांना पाणी घालत असताना, माझे विवेकवादी वडील म्हणाले, "सुनंदा, येते म्हण."

आई म्हणाली, "आणि तुमचं तत्त्व?"

"लिफ्ट येतेय. लवकर म्हण."

लिफ्टची घंटी वाजली, दार उघडलं. आई आत गेली आणि म्हणाली, "येते." बाबा म्हणाले, "ये." दार बंद झालं, आणि लिफ्टवरचे आकडे दहा, नऊ, आठ करत एकपर्यंत खाली जाईस्तोवर ते डाव धरून तिथेच उभे राहिले. डाळ करपली.